हिवतापाचे औषध : सालीपासून दिव्यापर्यंत



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या दारात, कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा औषधांच्या इतिहासावर बोलण्याचा या माणसाला काय अधिकार, असे आपल्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. तो अधिकार मला कसा मिळाला हे प्रथम सांगतो.

एकोणिसाव्या वर्षी मी एका औषधाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. दोन मजले उंचीच्या पोलादी टाक्या होत्या. त्यांत बुरशी वाढवायची, तिला साखर आणि हवा द्यायची, आणि काही दिवसांनी त्या रसातून पेनिसिलिन काढावयाचे, असे आमचे काम. रात्रपाळीला दर तासाला टाकीचा ताप पाहून वहीत लिहावा लागे. घरात आजारी मूल असावे तसे आम्ही त्या टाक्यांना जपत होतो. दहा-अकरा वर्षे मी ते काम केले. पुढे तेच द्रव्य परदेशातून स्वस्त येऊ लागले. २००१ साली एका सकाळी दारावर नोटीस लागली आणि टाक्या भंगारात गेल्या. माझ्या बरोबरचा एक वयस्क ऑपरेटर फाटकाशी उभा राहून मला म्हणाला, "भाऊ, आपलं काम चुकलं का रे कुठं?" त्याचे काम कोठेच चुकले नव्हते. पण त्याला द्यावयाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता हिवतापाच्या औषधापाशी येऊन थांबलो. आज त्याच औषधाची हकीकत मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

अलीकडे असे म्हटले जाते की, वनस्पतींतली औषधे यापुढे शेतात वा जंगलात शोधावी लागणार नाहीत. सूक्ष्म जीवांकडून ती टाकीत बनवून घेता येतील, प्रकाशाच्या साहाय्याने शेवटचा हात फिरवता येईल, झाडांची तोड थांबेल आणि औषध मुबलक होईल. ही नुसती कल्पना नव्हे. ती प्रत्यक्षात आलेली आहे, आणि पहिला मोठा प्रयोग हिवतापाच्या औषधावरच झाला. त्या प्रयोगाचे पुढे काय झाले हे ज्याला ठाऊक नाही, त्याने या नव्या युगाविषयी फार उत्साहाने किंवा फार भीतीने बोलू नये असे मला वाटते.

आमच्या आजीच्या बोलण्यात 'कोयनेल' हा शब्द येई. कडूपणाची ती शेवटची पायरी. "कोयनेल परवडलं, पण त्याचं तोंड नको," असे ती एका नातलगाविषयी म्हणे. कोयनेल म्हणजे क्विनाईन. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारावर सिंकोना नावाचे झाड होते; त्याच्या सालीत हे द्रव्य असते. १८२० साली पेल्तिए आणि कावंतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी ते सालीतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतर युरोपातील राज्यांना या झाडाची हाव सुटली, कारण हिवतापाच्या मुलखात सैन्य आणि मजूर जिवंत ठेवावयाचे तर हे औषध हवेच.

१८६५ साली चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या हाती सिंकोनाच्या एका उत्तम जातीचे बी आले. ते गोळा केले बोलिव्हियातील मान्वेल इंक्रा मामानी नावाच्या मूळ रहिवाशाने. कोणत्या झाडाची साल कसदार, हे ज्ञान त्याचे होते, आणि बी देशाबाहेर पाठविण्यातला धोकाही त्याचाच होता. लेजरने त्यातले थोडे बी डच सरकारला विकले. जावा बेटावर त्यातून जे मळे उभे राहिले त्यांनी पुढे जगाची बाजारपेठ जिंकली. त्या जातीला वनस्पतिशास्त्रात लेजरचे नाव मिळाले. मामानी मात्र पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला, त्याला मारहाण झाली आणि १८७१ साली तो मेला. औषधाच्या इतिहासातले हे पहिले खाते आपण लिहून ठेवू : ज्ञान एकाचे, नाव दुसऱ्याचे, नफा तिसऱ्याचा.

इंग्रज सरकारने आपल्या देशातही निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाचे मळे लावले. मंगपू येथे सरकारी कारखाना निघाला. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक पुडी या भावाने क्विनाईन विकले जाऊ लागले. परक्या सरकारच्या हेतूंविषयी आपण काहीही म्हणू. परंतु औषध लोकांपर्यंत पोहोचवावयाचे तर ते टपालासारखे गावोगाव गेले पाहिजे, ही कल्पना चांगली होती. उलट जावाचे मळेवाले आणि क्विनाईनचे कारखानदार यांनी १९१३ साली आपसात करार करून भाव बांधून घेतले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनाईन जावातून येत होते. १९४२ साली जपानने जावा घेतले आणि एका बेटावर साऱ्या जगाने विसंबून राहण्याचा अर्थ रातोरात कळला. गरजेचे औषध एकाच ठिकाणी, एकाच मालकाच्या हाती असणे हा केवळ व्यापाराचा प्रश्न नव्हे, तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

आता थोडी वाट वाकडी करून मी आपल्याला चंपारणला नेतो, कारण पुढच्या गोष्टीची किल्ली तेथे आहे. नीळ हे औषध नव्हे, तो रंग. परंतु झाडातला पदार्थ प्रयोगशाळेत बनू लागला म्हणजे काय घडते याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण तेच. बिहारात नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांनी 'तीनकठिया' पद्धत लादली होती. वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत रयतेने नीळ लावलीच पाहिजे, असा तो जुलूम. १८९७ साली जर्मनीतील बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचा भाव कोसळला. वास्तविक रयत सुटली पाहिजे होती. परंतु मळेवाल्यांनी सुटकेचीही किंमत मागितली. नीळ लावण्याच्या बंधनातून मोकळे करतो, त्याबद्दल खंड वाढवून द्या, याला 'शरहबेशी' म्हणत. किंवा एकरकमी पैसे भरा, याला 'तावान' म्हणत. म्हणजे जर्मनीत शोध लागला, इंग्रजाचे नुकसान झाले आणि ते भरून दिले बिहारच्या शेतकऱ्याने! १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले ते या तंट्यात. त्यांनी तेथे पहिले काम कोणते केले? गावोगाव बसून हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. नवे यंत्र वा नवा शोध वाईट नव्हता. त्याच्या तोट्याची वाटणी कोण करतो, हा खरा प्रश्न होता.

दुसरे उदाहरण मेक्सिकोचे आहे, आणि त्यात सूक्ष्म जीवांचा प्रवेश होतो. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनज्ञाला असे आढळले की, मेक्सिकोच्या जंगलात उगवणाऱ्या रानकंदांतील एका द्रव्यापासून प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक सोप्या रीतीने बनविता येते. १९४४ साली तेथे सिंटेक्स नावाची कंपनी निघाली. पुढे बार्बास्को नावाचा अधिक कसदार कंद वापरात आला. तो खणून काढावयाला हजारो गरीब खेडूत जंगलात जात. कॉर्टिसोन हे सांधेदुखीवरचे औषध तेव्हा फार महाग होते, कारण ते बनविताना रेणूच्या एका विशिष्ट जागी ऑक्सिजनचा अणू बसविणे रसायनज्ञांना फार अवघड जात होते. १९५२ साली अमेरिकेतील अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी दाखवून दिले की, एक साधी बुरशी ते काम सहज करते. पावावर बुरशी येते ना, तिचीच जातभाई. या एका पायरीमुळे मेक्सिकोच्या कंदाला प्रचंड मागणी आली.

परंतु बुरशीने दिले ते जंतूंनी परत नेले. १९७० च्या दशकात सोयाबीनच्या तेलातून उरणाऱ्या द्रव्यापासून जंतूंच्या साहाय्याने तीच औषधे बनविण्याची रीत पुढे आली. त्याच सुमारास, १९७५ साली, मेक्सिकोच्या सरकारने कंद खणणाऱ्यांना अधिक भाव मिळावा म्हणून एक सरकारी कंपनी स्थापन केली. हेतू चांगला होता; वेळ टळून गेली होती. जो कच्चा माल हातात धरून सौदा करावयाचा, त्याची गरजच कारखान्यांना उरत नव्हती. आमच्या संघटनेच्या बोलीत सांगायचे तर, गिरणी बंद होण्याच्या बेतात असताना संपाची नोटीस दिल्यासारखे ते झाले. संघटना हवी ती नव्या यंत्राच्या आधी. नंतर केलेली संघटना बहुधा नुकसानभरपाईच्या अर्जापुरतीच उरते.

आता हिवतापाकडे परत येतो. क्विनाईननंतर क्लोरोक्विन नावाचे कृत्रिम औषध आले आणि काही वर्षे असे वाटले की हिवताप संपला. परंतु १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप दिसू लागला. व्हिएतनामच्या युद्धात जंगलात लढणारी माणसे गोळ्यांइतकीच तापाने मरत होती. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ या दिवशी चीनमध्ये एक गुप्त योजना सुरू झाली. त्या तारखेवरून तिचे नाव पडले 'प्रकल्प ५२३'. १९६९ साली पेकिंगच्या पारंपरिक वैद्यकाच्या संस्थेतील तू यूयू या बाईंवर तेथील गटाची जबाबदारी आली. त्या आणि त्यांचे सहकारी जुने वैद्यकग्रंथ चाळू लागले आणि गावोगावच्या वैद्यांची औषधे तपासू लागले.

त्यात छिंगहाव नावाची एक वनस्पती निघाली. ही वनस्पती म्हणजे आपल्या दवण्याची चुलत बहीण. आपण चैत्रात जोतिबाला दवणा वाहतो. तो याच कुळातला. छिंगहावचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. कोठे चुकते हे कळेना. तेव्हा चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याच्या ग्रंथातील एका सूचनेकडे तू यूयू यांचे लक्ष गेले. तेथे वनस्पती उकळण्यास सांगितले नव्हते. पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असे होते. म्हणजे उष्णतेने औषध बिघडत असले पाहिजे! त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर शंभर टक्के लागू पडला. १९७२ साली गटातील माणसांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मगच रुग्णांना दिला. त्यातून जे स्फटिक मिळाले ते आर्टेमिसिनिन.

या शोधात आणखीही गट होते. युनान आणि शानतुंग प्रांतांतील संशोधकांनीही तेच द्रव्य मिळविले, आणि कसदार वनस्पती कोठे सापडते हे शोधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७७ साली पहिला लेख छापला गेला तो कोणा एका व्यक्तीच्या नावाने नव्हे, तर एका सहकारी संशोधन गटाच्या नावाने. २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा तू यूयू यांना मिळाला, तो योग्यच होता. तथापि नोबेल एका हाती दिले तरी काम शेकडो हातांचे होते, हे मला कामगार म्हणून नोंदविल्यावाचून राहवत नाही.

हे द्रव्य काम कसे करते? त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा जंतू आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन खातो आणि त्यातले लोह मोकळे होते. त्या लोहाचा स्पर्श होताच हा पूल तुटतो आणि त्यातून उत्पन्न होणारे तीव्र तुकडे जंतूलाच मारतात. जंतू जेथे जेवतो तेथेच त्याच्या ताटात हे विष कालवले जाते, असे म्हटले तरी चालेल.

पण सुकलेल्या पानांत हे द्रव्य असते वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का. लावणी, कापणी, सुकवण, अर्क आणि मग गोळी, या साऱ्याला वर्ष-दीड वर्ष लागते. या शतकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिन आणि दुसरे औषध एकत्र देण्याची शिफारस केली आणि मागणी एकदम वाढली. २००५ च्या सुमारास आर्टेमिसिनिनचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. तो भाव ऐकून चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी पीक लावले. त्यांचे पीक बाजारात आले तेव्हा, २००७ च्या सुमारास, भाव दोनशे डॉलरच्या आसपास घसरला. शेतकऱ्यांनी पीक सोडले. पुन्हा टंचाई झाली आणि पुन्हा भाव चढला. आपल्या नाशिक-लासलगावच्या कांदेवाल्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, येथे कांदा महागला तर भाजी अळणी होते. तेथे हे पान महागले तर पोर जाते.

या हेलकाव्यातून सुटण्यासाठी टाकीची कल्पना पुढे आली. अमेरिकेत बर्कले येथे जे कीसलिंग नावाचे प्राध्यापक आहेत. वनस्पतीतील जनुके काढून ती सूक्ष्म जीवात घालावयाची आणि वनस्पतीचे काम त्याच्याकडून करून घ्यावयाचे, हा त्यांचा उद्योग. २००३ साली त्यांनी एका जंतूकडून आर्टेमिसिनिनच्या वाटेवरचे एक सुरुवातीचे द्रव्य बनवून घेतले. २००४ च्या अखेरीस गेट्स प्रतिष्ठानाकडून या कामाला ४ कोटी २६ लाख डॉलरचे साहाय्य मिळाले. अमायरिस ही कंपनी आणि एक ना-नफा औषध संस्था या कामात होत्या, आणि विद्यापीठाने स्वामित्वधन न घेता परवाना दिला. २००६ साली यीस्ट, म्हणजे पाव फुगविणारा जो जीव, त्याच्याकडून आर्टेमिसिनिक आम्ल मिळाले. लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम. २०१३ साली प्रसिद्ध झालेला आकडा होता लिटरमागे २५ ग्रॅम, म्हणजे अडीचशेपट. टाकीवर काम केलेल्या माणसाला या अडीचशेपटीमागे किती रात्रपाळ्या असतील याची कल्पना येते.

परंतु यीस्ट तेथेच थांबते. आम्लापासून औषधापर्यंतची शेवटची उडी प्रकाशाची आहे. मला सर्वांत आश्चर्य वाटले ते या भागाचे. वनस्पतीतही शेवटचे पाऊल कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय, ऊन आणि हवा यांच्यामुळेच पडते असे मानले जाते. पानावर ऊन पडते, ऑक्सिजन चेकाळतो आणि रेणूत जाऊन बसतो. कारखान्यात हेच काम दिवा करतो. फ्रान्सच्या सॅनोफी कंपनीने इटलीतील गारेस्सियो येथे हा कारखाना उभारला. यीस्टचे काम बल्गेरियात होई आणि प्रकाशाचे इटलीत. पाऱ्याच्या वाफेचे मोठे दिवे, द्रावणात मिसळलेले एक रंगद्रव्य आणि आतून खेळविलेला ऑक्सिजन, एवढी सामग्री. ते रंगद्रव्य प्रकाश पकडते आणि त्याची शक्ती ऑक्सिजनला देते. हे रंगद्रव्य पॉर्फिरिन जातीचे. पानाचा हिरवा रंग आणि रक्ताचा लाल रंग हे त्याचेच सोयरे. एकेका घाण्यात ३७० किलो औषध निघू लागले. इकडे जर्मनीत पोट्सडॅम येथे पेटर झेबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ साली दिव्याभोवती पारदर्शक बारीक नळी गुंडाळून, द्रव्य सतत वाहते ठेवून तेच काम लहानशा जागेत करून दाखविले. टाकी भरा, रिकामी करा, हे नकोच. एका टोकाने आम्ल आत, दुसऱ्या टोकाने औषध बाहेर.

मे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध वापरण्यास मान्यता दिली. त्या वर्षी सुमारे ३५ टन द्रव्य बनले. कारखान्याची शक्ती वर्षाला ६० टनांपर्यंत, म्हणजे जगाच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश. ऑगस्ट २०१४ मध्ये या द्रव्यापासून केलेली १७ लाख रुग्णांची औषधे आफ्रिकेकडे निघाली. कंपनीने ना नफा ना तोटा या तत्त्वावर किलोला साडेतीनशे ते चारशे डॉलर भाव ठेवला होता. आता शेतातले पीक संपणार, असे सर्वांना वाटले. जगभर लाखभर लहान शेतकरी या पिकावर असावेत असा अंदाज सांगितला जाई. त्यांच्या वतीने निषेधही झाले.

आणि मग काय झाले? शेतातल्या आर्टेमिसिनिनचा भाव किलोला अडीचशे डॉलरच्याही खाली गेला. दिव्याखालचे औषध महाग ठरले. ज्या २०१५ साली तू यूयू यांना नोबेल मिळाले, त्याच साली गारेस्सियोच्या कारखान्यात यीस्टपासून एक किलोही आर्टेमिसिनिन बनविले गेले नाही. पुढच्या वर्षी तो कारखाना विकला गेला.

मंडळी, ही हकीकत सांगून आमचे काही मित्र टाळी वाजवितात. "पाहा, शेतकऱ्याने प्रयोगशाळेला हरविले!" मला ही टाळी वाजविता येत नाही. शेतकरी जिंकला तो कोणत्या भावाला? अडीचशे डॉलरच्या खाली जो भाव गेला, तो शेतकऱ्यानेच आपल्या घामातून सोसला. आणि गारेस्सियोतील कामगार हरला, त्याचे तरी काय चुकले होते? त्याने दिवे नीट लावले होते, घाणे वेळेवर काढले होते. फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्या त्या ऑपरेटरचा प्रश्न इटलीतही कोणीतरी आपल्या भाषेत विचारला असेल. शेतकरी आणि टाकीवाला या दोघांना बाजाराने एकमेकांसमोर उभे केले. वास्तविक दोघेही एकाच आजारी मुलासाठी राबत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली हिवतापाने सुमारे सहा लाख माणसे दगावली, आणि त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती.

यातून मी तीन गोष्टी शिकलो. त्या आपल्यापुढे ठेवून आटोपते घेतो.

पहिली गोष्ट टिकाऊपणाची. टाकीतले औषध जमीन वापरत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. यीस्टला साखर लागते, आणि साखर शेतातूनच येते. हे सोलापूर-कोल्हापूरच्या लोकांना मी काय सांगावे? दिव्याला वीज लागते आणि पाऱ्याचा दिवा फुटला तर पारा कोठे टाकावयाचा हा प्रश्न उरतो. शेताच्या वाटेलाही अर्क काढण्यासाठी खनिज तेलातून आलेली द्रावणे लागतातच. तेव्हा टिकाऊपणाचा हिशेब पुरा मांडावा. त्यात पाणी, वीज, कचरा यांच्याबरोबर माणसाची रोजीही एका रकान्यात लिहावी. माणसाचा रकाना कोरा ठेवून केलेला हिशेब आमच्या लेखी खोटा.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. जावाच्या एका बेटावर विसंबण्याची चूक आपण १९४२ साली पाहिली. तीच चूक एका कारखान्यावर विसंबून करू नये. शेत आणि टाकी ही एकमेकांची वैरी नसून दोन पाय आहेत. पाऊस गेला त्या वर्षी टाकी चालावी, आणि टाकी नेहमी कामासाठी तयार राहावी यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दल कोणी मोडीत काढीत नाही. ज्या औषधावर मुलांचे प्राण अवलंबून, त्याची टाकी त्या वर्षी नफा झाला नाही म्हणून विकावी, हा कोणता न्याय? आपल्याच पिंपरीला १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारी पेनिसिलिनचा कारखाना निघाला, तो याच विचाराने. तो विचार पुढच्या काळात मागे पडला म्हणून तो चूक ठरत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. शेतकऱ्याला भाव कोसळल्यावर कळते आणि कामगाराला दारावर नोटीस लागल्यावर कळते. संशोधकाला मात्र दहा वर्षे आधी ठाऊक असते. २००४ साली पैसा मंजूर झाला आणि २०१४ साली औषध निघाले. या दहा वर्षांत आफ्रिकेतील किंवा चीनमधील छिंगहाव लावणाऱ्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन बसणे अशक्य नव्हते. त्याच्याशी काही वर्षांच्या खरेदीचा करार, भावाची तळरेषा आणि दुसऱ्या पिकाकडे वळण्यासाठी मदत, एवढे आधीच ठरविता आले असते. लखनौच्या सरकारी औषधी वनस्पती संस्थेने या पिकाच्या सुधारित जाती काढल्या आणि शेतकऱ्यांना दिल्या. अशा संस्था, शेतकरी संघ आणि कामगार संघ यांनी एका मेजावर बसण्याची रीत पडली पाहिजे. चंपारणात गांधीजींनी जबान्या घेतल्या त्या जुलूम झाल्यावर. आपल्याला त्या आधी घेता येतील, कारण आता शोध कोणत्या दिशेने चालले आहेत हे छापून येते. वाचनालयात बसून मीसुद्धा ते वाचू शकतो.

यापुढे हे प्रकार वाढणार आहेत. आर्टेमिसिनिनलाही थोडेफार न जुमानणारा हिवताप प्रथम कंबोडियात आणि नंतर आफ्रिकेत दिसू लागला आहे. म्हणजे नवी औषधे लागणारच. दुसऱ्या अनेक वनौषधींची द्रव्ये यीस्टकडून बनवून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. मी त्यांचे स्वागत करतो. मामानीसारख्या माणसाला बियांसाठी जीव गमवावा लागू नये, जंगल सोलून निघू नये, आणि गोळी पुन्हा पैशाला एक पुडी अशी गावोगाव मिळावी, असे कोणाला वाटणार नाही? यंत्र फोडणाऱ्यांची परंपरा आमची नाही. यंत्राच्या हिशेबात आपला रकाना मागणाऱ्यांची परंपरा आमची आहे.

तो वयस्क ऑपरेटर आता हयात नाही. त्याला जे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नाही, ते आज आपल्या साक्षीने देतो. दादा, आपले काम कोठेही चुकले नव्हते. ज्या मेजावर आपल्या टाकीचे भवितव्य ठरत होते, त्या मेजाशी आपली खुर्ची नव्हती, एवढेच. पुढच्या माणसासाठी ती मांडून ठेवणे हे आता आपल्या सर्वांचे काम आहे.